सिस्टर, तो रकाना मी रिकामा ठेवायला हवा होता

मंदा सिस्टर,

परवा तुमच्या गावी, खाप्याला, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी सांगितलं की तुमचा स्वभाव फार शांत होता. मी मागे सतरंजीवर बसले होते. उठून सांगावंसं वाटलं की हे खरं नाही. तुम्ही आवाज चढवत नव्हता, एवढंच. शांत माणूस सोडून देतो. तुम्ही काही सोडून दिलेलं मला आठवत नाही. मला तर तुम्ही कधीच सोडलं नाही.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुमच्या भाचीनं, प्रणितानं, तुमच्याविषयी चार शब्द लिहून मागितले आहेत. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा नोकरी, बढती, निवृत्ती असंच कागदावर उतरलं. ते सगळं तुमच्या सर्व्हिस बुकात आहे. आपल्या दोघींमध्ये जे होतं ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून आज तुमच्याशीच बोलते.

त्या दुपारपासून सुरुवात करते. एप्रिल संपत आला होता आणि मला स्त्रीरोग विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. तपासणीच्या खोलीत बोलावलं म्हणून गेले, तर आत उभं राहायला जागा नव्हती. टेबलाच्या कडेला एकोणीस वर्षांची एक मुलगी बसलेली. ओढणीची दोन्ही टोकं मुठीत धरलेली. भिंतीला लागून सहा इंटर्न, त्यांच्यापुढे आमचे मोठे सर, खिडकीशी फाईल घेऊन एक हवालदार, आणि दार उघडंच. दारातून तिची आई आत बघत होती आणि आईच्या मागून ओपीडीच्या रांगेतल्या बायका. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ती गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात कामाला होती आणि दुकानमालकाच्या मेहुण्यानं तिला गोदामात गाठलं होतं, एवढंच लिहिते. हेही जास्त वाटलं तर खोडून टाकेन.

तुम्ही हातमोजे घालता घालता आमच्या सरांना म्हणालात, "सर, खोली रिकामी करते, मग सुरू करू."

"अहो सिस्टर, शिकू द्या ना पोरांना. अशी केस रोज येत नाही."

"ती शिकवायले नाही आली, सर. तपासायले आली."

सर काही बोलायच्या आत तुम्ही हवालदाराकडे वळलात. तो म्हणाला, माझी ड्यूटी आहे. तुम्ही म्हणालात, "बाहेर उभं राहून करा न ड्यूटी. दारापाशी खुर्ची ठेवून देते तुमच्यासाठी." आणि खरंच खुर्ची उचलून बाहेर नेऊन ठेवलीत. मग इंटर्न एकेक करून निघाले. सरांना राग आला होता. जाताना ते मला म्हणाले, "तूच कर मग. आणि फॉर्म पूर्ण भर. एकही रकाना सुटता कामा नये."

दार लोटून तुम्ही कूलर मोठा केलात. त्या धडधडाटात मलाच काही ऐकू येईना. मी तुमच्याकडे बघितलं, तर म्हणालात, "आता बाहेर काही ऐकू जात नाही. आपण जवळ बसू." आपण तिघी डोक्याला डोकं लावून बसलो. तुम्ही तिला जे सांगितलं ते मी तेव्हापासून जवळजवळ त्याच शब्दांत प्रत्येकीला सांगत आले आहे.

"हे पाह्य पोरी. ह्या मॅडम तुले तपासतीन. एकेक गोष्ट आधी सांगतीन, तू हो म्हटलं तरच करतीन. नको वाटलं तिथं नको म्हण. नको म्हटलं म्हणून तुझा इलाज थांबत नाही, अन् केसही थांबत नाही."

तिनं विचारलं, "सगळ्यालेच नको म्हटलं तर?"

"तर सगळंच नको. तसं लिहून ठेवतो, अन् चहा पिऊ आपण."

ती हसली नाही, पण मुठीतली ओढणी सुटली. मग ती सांगत गेली आणि मी तिच्या शब्दांत उतरवत गेले. तिनं फोटोला नकार दिला, बाकीच्याला होकार दिला. अंगावरचे कपडे तिनं घरी बदलले होते, पण धुतले नव्हते. कॅरीबॅगेत भरून आणले होते. तुम्ही ते कागदावर पसरलेत, वाळू दिलेत आणि कागदी पाकिटात घातलेत. प्लॅस्टिकमध्ये कपडा घाम धरतो आणि पुरावा कुजतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पाच वर्षं वैद्यकी शिकून आलेल्या मला ते तुमच्याकडून कळलं.

आणि मग मी तो फॉर्म भरायला घेतला.

नवे फॉर्म आले होते, पण आपल्या ड्रॉवरमध्ये जुन्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. त्यात एक रकाना होता, तिला शरीरसंबंधांची सवय आहे का, असं विचारणारा. बोटं घालून करायची ती जुनी तपासणी तर बंदच झाली होती. ती मी केली नाही आणि तुम्ही करूही दिली नसती. पण तपासताना मला योनिपटलावर एक जुनी, भरलेली खूण दिसली होती. तेवढ्यावर मी लिहून टाकलं की सवय असल्याचं दिसतं. सहा-सात शब्दांचं वाक्य. ती पडद्याआड कपडे घालत होती. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाचलंत.

"मॅडम, हे काहून लिहिता?"

"रकाना आहे, सिस्टर."

"नव्या फॉर्मात नाही. स्टोअरमधून आणते, दहा मिनिटं थांबा."

"सरांनी सगळं भरायला सांगितलंय."

"त्या खुणेवरून सवय कळते काय? तुमच्या पुस्तकात लिहिलं आहे काय तसं?"

पुस्तकात तसं नव्हतं. सायकल चालवून, खेळून, कशानंही तशी खूण होऊ शकते आणि काही जणींना ती जन्मापासूनच असते, हे मी वाचलेलं होतं. तरीही मी सही केली. सरांची भीती होती, आणि खरं सांगायचं तर एका नर्सनं मला शिकवावं हेही झोंबलं होतं. तुम्ही सहीकडे बघितलंत. पाकिटांवर लाख ओतलीत, शिक्के मारलेत. एरवी तुमचा शिक्का आवाज न करता बसायचा. त्या दिवशी टेबल हादरत होतं.

बाहेर तिच्या आईनं मला अडवलं. काय निघालं तपासणीत, म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलंही होतं. तुम्ही मध्ये आलात.

"मावशी, ते तिले विचारा. तिले वाटलं तर ती सांगंल. आम्हाले नाही सांगता येत."

"मी आई आहे तिची."

"माहीत आहे न. बसा इथं, पाणी प्या आधी."

तुम्ही तिच्यापाशी अर्धा तास बसलात. पण काहीच सांगितलं नाहीत. तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. तोवर मी शिकून, परीक्षा देऊन त्याच विभागात नोकरीला लागले होते. एका रविवारी तुमचा फोन आला. लकडगंजला घरी या, म्हणालात. तुमच्या खोलीत मी पहिल्यांदाच आले. खालच्या आरा मशीनला सुट्टी होती, तरी लाकडाच्या भुशाचा वास जिन्यावरून वर येत होता. तुम्ही माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवलीत आणि म्हणालात, "परवा तिची साक्ष झाली."

बंद दाराआड झाली होती. तुम्ही रजा टाकून बाहेरच्या बाकावर बसून राहिला होतात. आत आरोपीच्या वकिलानं माझं वाक्य तिला वाचून दाखवलं. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं. असं विचारायला कायद्यानं मनाई आहे. पण थांबवेपर्यंत वाक्य वाचून झालं होतं.

"बाहेर आली न मॅडम, तर रडली नाही. मले एकच विचारलं तिनं. सिस्टर, डॉक्टर मॅडमनं माझ्याबद्दल असं काहून लिहिलं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगू? मले माहीत होतं काय?"

त्या रविवारी तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. पोहे खायला लावलेत, चहा दिलात. निघताना दारात म्हणालात, "पुढच्या महिन्यात तुमची साक्ष. तो वकील तेच वाचंल. तुम्ही काय सांगाल?"

मी म्हटलं, "सही माझी आहे, सिस्टर. आता कसं बदलणार?"

"सही तुमची आहे म्हणूनच विचारून राहिली. दुसऱ्या कोणाले बदलता येते काय ते?"

तो महिना मी फार वाईट काढला. सरांना विचारलं. ते म्हणाले, जे लिहिलंय तेवढंच बोलायचं, स्वतःच्या कागदाविरुद्ध बोललीस तर उद्या तुझ्या एकाही अहवालावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. घरी बाबांना विचारलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेले बाबा म्हणाले, लेखी एकदा गेलं की गेलं. फक्त तुम्हाला पुन्हा विचारलं नाही, कारण तुमचं उत्तर मला माहीत होतं.

साक्षीच्या दिवशी वकिलानं फॉर्म माझ्या हातात दिला. हे अक्षर तुमचंच ना, म्हणाला. मी हो म्हटलं. ही सही? तीही माझीच. मग हे वाक्य बरोबर आहे ना?

"नाही," मी म्हटलं. "ते चुकीचं आहे. अशा खुणेवरून कुणाच्या सवयीविषयी काहीही सांगता येत नाही. आणि सांगता आलं असतं तरी त्या दिवशी तिच्यावर जे झालं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. मी ते लिहायला नको होतं."

टाइप करणारी बाई थांबली. न्यायाधीश म्हणाले, डॉक्टर, पुन्हा सांगा, सावकाश. मी पुन्हा सांगितलं आणि ते नोंदवून घेतलं गेलं. वकिलानं त्यानंतर पाऊण तास मला सोललं. तुम्हाला तुमचं काम येतं का, इथपासून ते कुणाच्या सांगण्यावरून बदललात, इथपर्यंत. मी शब्द फिरवला नाही. बाकी पुरावा तर तुम्ही वाळवून, पाकिटात घालून, शिक्के मारून ठेवलेला होताच. त्याला काही झालं नाही. त्या मेहुण्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात त्याचं अपील अजून आहे.

बाहेर आले तर तुम्ही दोघी बाकावर. तिनं मान वर करून विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." आणि पुढे निघून गेले. तिच्यासमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं, ते मला जमलं नाही. परक्या माणसांसमोर चूक कबूल केली, आणि जिच्याबाबत केली होती तिच्यासमोर गप्प राहिले.

इथून आपलं भांडण सुरू झालं, सिस्टर. ते संपलं नाही.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, दूर कुठेतरी. कुठे ते तुम्हाला माहीत होतं. तिचा नंबर तुमच्याकडे होता, अधूनमधून ती फोन करायची. मी नंबर मागितला. मला तिची माफी मागायची होती. तुम्ही साफ नाही म्हणालात.

"तिनं तो नंबर मले दिला, मॅडम. दवाखान्याले नाही दिला."

"मी दवाखाना आहे का?"

"तिच्यासाठी तुम्ही दवाखानाच. तुमचा फोन गेला की ती पुन्हा त्या टेबलावर जाऊन बसंल. सासरी कोणाले काही माहीत नाही. फोन कोण उचलते, सांगता येते काय?"

मी म्हटलं, निदान तिला विचारा तरी, की डॉक्टरांशी बोलशील का. तुम्ही त्यालाही तयार झाला नाहीत. माझं म्हणणं होतं की हे तिच्या वतीनं तुम्ही परस्पर ठरवताय. आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलात की तिला विचारा, आणि इथे तुम्हीच विचारत नाही. तुम्ही म्हणालात, विचारणं म्हणजेसुद्धा आठवण करून देणं असतं. त्यावरून आपण दोघी दोन महिने एकमेकींशी बोललो नाही. दोन महिन्यांनी तुम्हीच डबा घेऊन ओपीडीत आलात आणि नंबराचा विषय सोडून सगळं बोललात.

तुमचं बरोबर होतं असं मी अजूनही पूर्ण म्हणत नाही. तिला माझी माफी ऐकायची होती की नव्हती, हे तुम्ही मला कळू दिलं नाहीत. पण दुसरीही एक गोष्ट आहे. माझं ते वाक्य तुम्ही दवाखान्यात कुणालाही सांगितलं नाहीत. सरांबद्दल कुरकूर केली नाहीत, नव्या नर्सना शिकवताना माझं उदाहरण दिलं नाहीत. माझी लाजही तुम्ही तिच्या नावासारखीच जपलीत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले. ते मी नेहमी उद्यावर ढकलत राहिले.

मग तुम्ही स्वतः पेशंट झालात. पोटाचा कॅन्सर, कळला तेव्हाच पुढे गेलेला. एका सकाळी मी भेटायला आले, तर डॉक्टरांचा राऊंड चालू होता. मोठ्या डॉक्टरांनी पोरांना दाखवायला तुमच्या पोटावरची चादर सरळ बाजूला केली. तुमच्या अंगात बोट उचलायची ताकद नव्हती. तरी त्यांचा हात मनगटाला धरलात आणि म्हणालात, "आधी मले विचारा, डॉक्टर."

ते ओशाळले. पडदा ओढून घेतला, विचारलं. तुम्ही म्हणालात, "बघा. पोरांनाही बघू द्या. विचारलं की काही नाही." आणि त्या पोरांना गाठ कुठे लागते ते तुम्हीच सांगितलंत. ते गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणालात, "काहून रडून राहिल्या?" मी डोळे पुसून पडदा मागे सरकवला. तेव्हा आभार मानता आले असते.

परवा खाप्यात बुद्धवंदना चालू असताना एक बाई आली. वंदनेला नेसतात तशी पांढरी साडी, कडेवर दोन-तीन वर्षांची मुलगी. तिनं तुमच्या फोटोसमोर फुलं ठेवली, मुलीचे हात जोडून दिले आणि बायकांमध्ये जाऊन बसली. अंगानं भरली आहे, चष्मा लागला आहे, तरी मी ओळखलं. तिनंही मला बघितलं असावं. आमच्यात फार तर चार हातांचं अंतर होतं. एवढी वर्षं जे वाक्य घोकत होते ते जिभेवर आलं. तिच्या शेजारी तिच्या सासरची वाटावी अशी एक म्हातारी बसली होती. कुतूहलानं सगळ्यांकडे बघत होती, कोण कोण आलंय ते न्याहाळत होती.

मी जागची हलले नाही. नजर उचलून तुमच्या फोटोकडे नेली आणि तिथेच ठेवली. थोड्या वेळानं ती मुलीला पाणी पाजायला उठली आणि मग दिसली नाही. प्रणितानं येऊन विचारलं, "मॅडम, त्या चष्मेवाल्या कोण होत्या? मावशीच्या ओळखीच्या दिसल्या."

"मला नाही माहीत गं," मी म्हटलं. "त्यांच्या ओळखीच्या असतील कुणी."

आता इथे हे लिहिलंय, म्हणून तिच्या ओळखीच्या काही खुणा मी मुद्दाम बदलल्या आहेत, आणि हे पान प्रणिताला देणार नाही. तुम्ही असतात तर कुठल्या बदलल्या ते तपासून घेतलं असतंत.

शेवटी काल काय झालं ते सांगते. निवृत्तीनंतर तुम्ही शनिवारी एसटीनं तालुक्यातालुक्यात जाऊन नर्सना शिकवत होता. कालचा वर्ग तुम्ही आजारी पडायच्या आधीच ठरलेला होता. रद्द करू का, म्हणून तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. मी म्हटलं, नको, मी येते.

चौदा जणी होत्या. मला तुमच्यासारखं शिकवता येत नाही. मी फार बोलते आणि फळ्यावर लिहिते. संमती, नवा फॉर्म, कागदी पाकिटं, शिक्के, नाव मोठ्यानं न पुकारणं, सगळं सांगितलं. आणि पहिल्यांदाच माझं ते वाक्यही सांगितलं, माझंच म्हणून. तिच्याबद्दल काहीच न सांगता. मग मागून एका तरुण सिस्टरनं हात वर केला.

"मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण आमच्या तपासणीच्या खोलीले आतून कडीच नाही. तपासणी चालू असताना कोणीही दार ढकलून येते. औषधं घ्यायले, कागद मागायले. आम्ही किती वेळा लिहून दिलं."

"किती वर्षं झाली?"

"मी लागल्यापासून तशीच आहे."

मी वर्ग थांबवला. सगळ्याजणी मिळून त्या खोलीशी गेलो. दाराला कडीची भोकं होती, कडी नव्हती. डॉक्टर म्हणाले, मागणी पाठवलेली आहे, मंजुरी यायची आहे. मी म्हटलं, मंजुरी येऊ द्या, तोवर लावून घेऊ. ती तरुण सिस्टर बाजारात गेली आणि सुतार घेऊन आली. त्याला सगळा मिळून अर्धा तास लागला. राहिलेला वर्ग आम्ही तिथेच, व्हरांड्यात, हातोडीच्या आवाजात घेतला.

सुतार गेल्यावर मी आणि ती सिस्टर आत गेलो. दार लावलं, कडी सरकवली. बाहेरून बाकीच्यांनी सगळा जोर लावून ढकललं.

उघडलं नाही.